गावरानी कोंबडी, मोकळी कोंबडी : आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कळमेश्वर तालुक्यात आमची तीन एकर संत्र्याची बाग आहे, त्यात दीड-दोनशे कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात, अन् दर रविवारी आम्ही अंडी आणि ऑर्डर असली तर कोंबड्या घेऊन नागपुरात येतो. धरमपेठ घ्या की मानेवाडा, जिथे जावं तिथे तेच प्रश्न. व्हॉट्सॲपवर तर लोक रात्री अकरालाही विचारून राहिले, भाऊ बलक आज फिका काहून आहे, ही कोंबडी शिजूनच नाही राहिली. म्हटलं एकदाचं सगळं लिहून टाकू, दरवेळी तेच टाइप करून अंगठा दुखायला लागला.

मोकळ्या चराईची कोंबडी म्हणजे गावरानीच ना?

नाही, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. गावरानी ही जात झाली. मोकळी चराई म्हणजे ती कोंबडी जगली कशी ते. गावरानी कोंबडी शेडमध्ये कोंडून पोत्यातल्या दाण्यावर वाढवता येते, आणि वनराजसारखी सुधारित जात दिवसभर उकिरडा उकरत हिंडू शकते. बाजारात गावरानी म्हणून जे विकलं जातं त्यातला बराचसा माल रंगीत पिसांच्या क्रॉस जातीचा असतो, शेडमध्येच दोन-अडीच महिने वाढवलेला. दिसायला लाल-काळी, तुरा मोठा, गिऱ्हाईक खूश. त्यात वाईट काही नाही, पण तुम्ही ज्याचे जास्तीचे पैसे देऊन राहिले ते तुम्हाला मिळत नाही. म्हणून विकणाऱ्याला जात विचारू नका, हे विचारा की दिवसा कुठे असते, काय खाते अन् वय किती. तिसऱ्या प्रश्नाला जो लगेच उत्तर देतो त्याच्याकडून घ्या.

खरंच काही फायदा आहे का नुसतं मार्केटिंग?

आहे, पण लोक सांगतात तिथे नाही. प्रोटीन घ्या, शेडमधलं अंडं असो की आमचं, फरक नावापुरता. कोलेस्टेरॉलही साधारण तेवढंच, एका अंड्यात १८०-२०० मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे "गावरानी आहे, डॉक्टरांनी नाही म्हटलं तरी चालते" असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका.

फरक पडतो तो चरबीच्या जातीत आणि जीवनसत्त्वांत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी पिंजऱ्यातल्या कोंबड्या आणि लसूणघास, क्लोव्हर, गवतावर चरणाऱ्या कोंबड्या यांच्या अंड्यांची तुलना केली, २०१० साली ते छापून आलं. चरणाऱ्यांच्या अंड्यात व्हिटॅमिन ई दुप्पट निघालं आणि ओमेगा-३ दुपटीपेक्षा जास्त. कारण साधं आहे, हिरव्या पानात ओमेगा-३ ची मूळ चरबी असते, मका-सोयाबीनच्या दाण्यात ओमेगा-६ जास्त असतं, कोंबडी जे खाईल ते बलकात उतरतं.

दुसरं व्हिटॅमिन डी. जर्मनीत २०१४ च्या सुमारास पाहिलं गेलं की उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या बलकात ते शेडमधल्यापेक्षा तीन-चार पट असतं. कोंबडीचे पाय उघडे, तोंड उघडं, ऊन लागलं की आपल्या कातडीत जसं डी तयार होतं तसं तिच्यातही होतं. आता नागपुरात उन्हाची कमी आहे का! तरी इथले लोक एसी ऑफिसात बसून डीच्या गोळ्या खाऊन राहिले, तो वेगळा विषय.

मांसाचं म्हणाल तर चरणाऱ्या कोंबडीत कातडीखालची चरबी कमी असते आणि मांडीचा रंग गडद असतो. पळणारा स्नायू ऑक्सिजन जास्त वापरतो, त्यात मायोग्लोबिन वाढतं, त्यामुळे तो लालसर दिसतो. चवीतला फरक मात्र जास्त करून वयाचा आहे. ४० दिवसांच्या पिल्लाला अन् ६ महिन्यांच्या कोंबडीला एकच चव कशी येईल?

बलक जेवढा केशरी तेवढं अंडं चांगलं?

एवढं सरळ नाही. बलकाचा रंग खाद्यातल्या रंगद्रव्यातून येतो, हिरवं गवत, पिवळा मका, झेंडूची पानं-फुलं. खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क टाकला की पिंजऱ्यातली कोंबडीसुद्धा भगवं अंडं देते, हे धंद्यात सर्रास चालतं. आमचा बलक जुलै ते डिसेंबर गडद असतो अन् एप्रिल-मे मध्ये फिका पडतो, कारण तेव्हा बागेत हिरवं काही उरतच नाही. वर्षभर एकसारखा केशरी बलक कोणी देत असेल तर मला उलट तिथे शंका येते.

ब्राऊन अंडं म्हणजे गावरानी?

कवचाचा रंग जातीवर ठरतो. ब्राऊन अंडी देणाऱ्या लाखो कोंबड्या पिंजऱ्यात आहेत. आमच्या गावरानी कोंबड्यांची अंडी मळकट पांढरी, फिकी बदामी, कधी गुलाबी झाक असलेली, एका ट्रेमध्ये सगळे नमुने. आणि आकाराने लहान, ४० ग्रॅमच्या आसपास. हाव, चहाच्या पाण्यात बुडवून रंगवणारेही असतात, ओल्या कपड्याने घासून पाहा.

बॉयलरला इंजेक्शन देऊन फुगवतात ना?

हा प्रश्न दर रविवारी असतोच, अन् माझं उत्तर ऐकून लोक नाराज होतात. नाही, बॉयलरला वाढीचं हार्मोन देत नाहीत. ते प्रोटीन असतं, खाद्यातून दिलं तर पोटातच पचून जाईल, आणि हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये एकेकाला पकडून रोज सुई कोण टोचणार? तो पक्षी भराभर वाढतो कारण ६०-७० वर्षं पिढ्यान्‌पिढ्या तेवढ्यासाठीच निवड झाली, वर खाद्य अगदी मोजून-मापून, अन् हिंडण्यात खर्च काही नाही. ३५-४० दिवसांत दोन किलो. त्याची किंमत पक्षी मोजतो, छाती एवढी जड की शेवटच्या आठवड्यात बरेच पक्षी बसूनच असतात. माझा माल विकायचा म्हणून मी दुसऱ्याच्या मालावर खोटं बोलणार नाही, खरं आहे तेवढंच पुरेसं आहे.

मग अँटिबायोटिकचं काय?

हे मात्र खरं आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या दिल्लीच्या संस्थेने २०१४ मध्ये दिल्ली-एनसीआरमधून चिकनचे ७० नमुने तपासले, ४० टक्के नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. २०१९ मध्ये सरकारने कोलिस्टिन हे औषध जनावरांना द्यायला बंदी घातली, कारण माणसाला दुसरं काहीच चालत नाही तेव्हा डॉक्टर ते वापरतात. खाद्यात थोडं थोडं औषध रोज मिसळलं की त्याला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि ते जंतू पुढे तुमच्या-आमच्यापर्यंत येतात. आजारी पक्ष्याला औषध देणं चूक नाही, आम्हीही देतो. पण मग त्या कोंबडीचं अंडं ठरलेले दिवस विकायचं नसतं. गेल्या पावसाळ्यात आम्ही जवळपास तीनशे अंडी खड्ड्यात पुरली, घरच्यांनी तेव्हा मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुमची कोंबडी शिजतच नाही, म्हातारी दिली का?

काकू, म्हातारी नाही, जाणती आहे. वय वाढलं की मांसातले कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणले जातात, ते सुटायला ओलसर उष्णता अन् वेळ लागतो. बॉयलरच्या हिशेबाने वीस मिनिटांत गॅस बंद केला तर रबरच लागणार. एकदा ते धागे विरघळले की रस्सा जसा अंगावर येतो ना, बोटाला बोट चिकटते, ते बॉयलरमध्ये सात जन्मात येत नाही.

आमच्या घरची पद्धत सांगतो. कापल्यावर लगेच शिजवायची नाही, मेल्यानंतर स्नायू ताठ होतो तो सैल पडायला वेळ द्या, फ्रीजमध्ये रात्रभर ठेवली तर उत्तम. दही लावायचं तर थोडंच. कच्चं चिकन नळाखाली खळखळ धुऊ नका, जंतू सगळ्या ओट्यावर उडतात, तसाही सगळा मामला आगीवरच निपटतो. मग हळद, मीठ, आलं-लसूण लावून कुकरमध्ये आधी थोडी परतायची अन् पाणी टाकून मंद आचेवर ५-६ शिट्ट्या, कोंबडा वर्षाचा असेल तर ८ सुद्धा. मसाला वेगळा. सावजी करायचं तर खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, धने, मिरे सगळं भाजून पाट्यावर नाही तर मिक्सरमध्ये बारीक वाटायचं, जवसाचं तेल चालत असेल तर तेच घ्या, आणि शिजलेल्या कोंबडीचं ते पिवळं पाणी फेकायचं नाही, तेच तर्रीचं मूळ आहे. खरं सांगू का, सावजी मसाला अशाच चिवट मटण-कोंबडीसाठी बनला आहे. बॉयलरवर टाकला की मसाला बोलतो अन् चिकन गप्प बसते.

बिर्याणी, तंदूर, चिल्ली यासाठी आमची कोंबडी नेऊ नका, पैसे वाया जातील. रस्सा, सूप, अन् सोबत ज्वारीची भाकर, बस.

एवढी महाग काहून?

हिशेब करून पाहा. बॉयलर ४० दिवसांत दोन किलोचा होतो, तेवढ्यात साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. आमची कोंबडी ५-६ महिन्यांत सव्वा ते दीड किलोची होते, चरून-बिरून वर पाच-सहा किलो दाणा खातेच. म्हणजे दीडपट दाण्यात कमी मांस, आणि वेळ चौपट. तेवढ्या वेळात काही पिल्लं मरतात, दोन-चार मुंगूस नेते. अंड्याचंही तेच. पिंजऱ्यातली लेयर वर्षाला ३०० च्या वर अंडी देते, अस्सल गावरानी ५०-७०. एका अंड्यामागे कोंबडीला किती दिवस पोसलं ते बघा. आमच्या घरीसुद्धा आठवड्यातून एकदाच कोंबडी शिजते, एक कोंबडी, पाच माणसं, बाकी भाकर-रस्सा. पूर्वी असंच होतं की.

नुसत्या गवतावर जगते का?

नाही बाप्पा, ती गाय नाही. तिच्या पोटात गवत कुजवून पचवायची सोय नसते. गवत, किडे, पडलेलं धान्य यावर तिच्या पोटाचा एक भागच भरतो, पावसाळ्यात जास्त, उन्हाळ्यात फारच कमी. बाकी दाणा द्यावाच लागतो. आम्ही तांदळाची कणी, मका, ज्वारी, सोयाबीनची ढेप असं संध्याकाळी देतो, संध्याकाळी अशासाठी की दाण्याच्या आशेने सगळ्या खुराड्याकडे परत येतात. सकाळी पोटभर दिलं तर दिवसभर झाडाखाली बसून राहतात, चरतच नाहीत, माणसासारखंच आहे. अंड्यावरच्या कोंबडीला चुना लागतो, शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, तिला गरज असते तेवढा ती स्वतः उचलते.

वाळवीची एक जुनी आयडिया सांगतो. मडक्यात कुटार, शेण, फाटकं गोणपाट कोंबायचं, पाणी शिंपडायचं अन् वाळवी असलेल्या जागी रात्री उपडं ठेवायचं. सकाळी मडकं भरून वाळवी. पिल्लं त्यावर तुटून पडतात, फुकटचं प्रोटीन.

कोणती जात घ्यावी?

अंडी-मांस दोन्ही पाहिजे तर वनराज किंवा गिरिराज. वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची, गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. नुसती अंडी पाहिजे तर ग्रामप्रिया, तीही हैदराबादचीच. चवीला अस्सल गावरानी, पण अंडी कमी. सुधारित जातींची एक गोष्ट कोणी सांगत नाही, त्या सहसा खुडूक बसत नाहीत अन् पिल्लं वाढवत नाहीत, वजनाने जड म्हणून घार-कुत्रं आलं तर झाडावर उडताही येत नाही. म्हणून आम्ही थोड्या गावरानी ठेवतोच, वनराजची अंडी त्यांच्याखाली बसवतो. सरोगेट आई म्हणा.

कडकनाथ ठेवता का? त्याने शुगर जाते म्हणे.

ठेवत नाही. कडकनाथ मध्य प्रदेशच्या झाबुआचा, २०१८ मध्ये त्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. मांस काळं असतं ते मेलॅनिनमुळे, चरबी कमी असते, चवीला छान. पण औषध नाही. काही वर्षांपूर्वी लोकांनी हजार-हजार रुपयांना कोंबडे घेतले, पिल्लं विकणारे श्रीमंत झाले अन् पाळणारे गिऱ्हाईक शोधत फिरले.

नागपूरच्या उन्हाळ्यात कोंबड्या जगतात कशा?

कशातरी. कोंबडीला घाम येत नाही, अंगाचं तापमान आधीच ४१-४२ अंश, बाहेर ४५ झालं की चोच उघडून धापा टाकणे एवढाच उपाय तिच्याकडे असतो. धापा टाकता टाकता रक्तातलं कार्बन डायऑक्साइड कमी होतं, त्याने कवचाला चुना मिळणं बिघडतं, म्हणून मे मधली अंडी पातळ कवचाची. तुम्ही पिशवी आपटत नेली की फुटणारच, आमच्या नावाने ओरडू नका.

पहिल्या वर्षी आम्ही टिनाचं शेड बांधलं होतं, सगळे म्हणाले मजबूत होते, मजबूत तर होतंच, तंदूरही मजबूतच असते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, एका दुपारी अकरा कोंबड्या गेल्या. आता टिनावर धानाच्या तणसाचा जाड थर, उत्तर-दक्षिण बाजू जाळीच्या, पश्चिमेला ओलं गोणपाट, पाण्याची भांडी मातीची अन् झाडाच्या सावलीत, दिवसातून तीनदा पाणी बदलणं. दाणा पहाटे अन् सूर्य बुडाल्यावरच, कारण पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. दुपारी अकरा ते पाच कोणी त्यांना हाकलायचं नाही, पकडायचं नाही. दमट पावसाळ्यापेक्षा कोरडा उन्हाळा बरा असं मला आता वाटतं, निदान ओलं गोणपाट काम करतं.

आणि झाडं. कोंबडीचा पूर्वज लाल रानकोंबडा, जंगलाच्या काठाने झुडपाखाली राहणारा पक्षी. उघड्या मैदानात सोडलं तर त्या भिंतीला चिकटून बसतात, सावली असली की लांब लांब जातात. घारीची भीती रक्तातच आहे.

संत्र्याच्या बागेत सोडल्या तर झाडाला त्रास नाही होत?

फायदा जास्त, पण डोकं लावावं लागतं. तण खातात, मातीतल्या अळ्या-कोष खातात, गळालेली सडकी फळं फोडून त्यातल्या माशीच्या अळ्या वेचतात, वर विष्ठेतून नत्र देतात. खत आमचं बरंच कमी झालं. पण संत्र्याची खाणारी मुळं वरवरच असतात, आणि कोंबडीला बुंध्यालगतची भुसभुशीत माती लय आवडते, एकाच जागी महिनाभर ठेवल्या तर मुळं उघडी करून ठेवतात. म्हणून बागेचे पाच भाग केले, जाळी लावून १०-१२ दिवसांनी भाग बदलतो. जंतांचा त्रासही त्याने कमी होतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जोएल सॅलॅटिन नावाच्या शेतकऱ्याने हे फार आधी गाजवलं, १० बाय १२ फुटांचे बिनतळाचे पिंजरे, एकात ७०-७५ पक्षी, रोज एक घर पुढे सरकवायचे. आमच्याकडच्या काळ्या चिकट मातीत पावसाळ्यात ते पिंजरे हलतच नाहीत, करून पाहिलं, कंबर धरली.

फवारणीच्या वेळी मात्र कोंबड्या बंद. लेबलवर जेवढे दिवस लिहिले तेवढे, वर अजून काही. बाजूच्याच्या कपाशीवर फवारा चालू असेल तरी बंद. विषाने मेलेली अळी कोंबडी आनंदाने खाते. ताजी विष्ठा रोपाच्या बुडाशी टाकू नका, गरम असते, रोप जळते, कुजवून टाका.

लस देता का? गावरानीला रोग होत नाही म्हणतात.

ज्यांनी असं म्हटलं त्यांच्या खुराड्यात मानमोडी म्हणजे रानीखेत आली नसेल. आमच्या आजीच्या वेळी दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात अख्ख्या गावाच्या कोंबड्या माना टाकायच्या, हिरवी हगवण अन् दोन दिवसांत खेळ खलास. तिला औषध नाही, फक्त लस आहे. आम्ही पहिल्या आठवड्यात लासोटा ही मानमोडीची लस डोळ्यात थेंब, १४ व्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, पुढे लासोटाचा बूस्टर, देवीची लस, अन् आठ आठवडे झाले की आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस देतो. लस थर्मासमध्ये बर्फावर आणायची, बाइकच्या डिक्कीत तापली की ती नुसतं पाणी झाली. मोकळ्या कोंबडीला जंत जास्त होतात, दर दोन-तीन महिन्यांनी जंताचं औषध. मेलेली कोंबडी नाल्यात फेकू नका. एकापेक्षा जास्त मेल्या तर पशुवैद्यकाला दाखवून शवविच्छेदन करून घ्या.

बर्ड फ्लू आला की काय करता?

२०२४ च्या मार्चमध्ये नागपुरातच कोंबड्यांत एच५एन१ सापडला होता, आणि त्याच वर्षाच्या शेवटी गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरमध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच विषाणूने गेले. तेव्हा हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. एखाद्या ठिकाणी सापडला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारतात, १० किलोमीटरपर्यंत पाळत असते. इथे मोकळ्या पाळण्याची कमजोर बाजू आहे ती लपवत नाही, रानपक्षी, बगळे, कावळे यांच्याशी आमच्या कोंबड्यांचा संबंध येतो, बंद शेडमध्ये तो कमी येतो. आसपास बातमी आली की आम्ही त्यांना आत घेतो, दाणा-पाणी झाकून ठेवतो, बाहेरच्या माणसाला बागेत घेत नाही. खाणाऱ्याला नीट शिजवलेल्यातून धोका नाही, ७० अंशाला विषाणू मरतो, आपला रस्सा तर उकळतो. अर्धकच्चं हाफ फ्राय तेवढे दिवस राहू द्या.

घरी पाच-सहा ठेवू शकतो का? गच्ची आहे.

गच्ची मे महिन्यात नको, मी वर लिहिलंच. अंगण असेल तर जरूर. रात्रीसाठी कोंबडीमागे एक-दीड चौरस फुटाचं पक्कं खुराडं, दांड्या बसायला, अन् दिवसा जेवढी जागा द्याल तेवढी कमी. पिंजऱ्यातल्या लेयरला ए-फोर कागदाएवढीही जागा नसते, त्या मानाने तुमचं अंगण म्हणजे राजवाडा. खुराड्याला कोंबडीची बारीक षटकोनी जाळी वापरू नका, मुंगूस ती वाकवतं, वेल्डेड जाळी घ्या आणि खाली फूटभर पुरा. कडी अशी लावा की मांजरीने पंजा मारून उघडणार नाही. भाजीचे देठ, उरलेला भात, पोळीचे तुकडे सगळं संपतं, फक्त खारट, बुरशी आलेलं अन् कच्चा राजमा देऊ नका. सोसायटीत असाल तर आधी शेजाऱ्यांना विचारा, पहिल्या आठवड्यात चार अंडी नेऊन द्या, तक्रारी कमी होतात.

अंड्यासाठी कोंबडा लागतो का?

नाही. पिल्लं पाहिजे तरच, दहा कोंबड्यांमागे एक. कोंबडा नसला की शेजारीही झोपतात. आमच्याकडच्या एका गिऱ्हाईकाने कोंबड्यावर रात्री टोपलं झाकून पाहिलं, तो चार वाजता टोपल्यातूनच आरवला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही ते असं.

हिवाळ्यात अंडी कमी का देता, साठवून ठेवता का?

कोंबडीला अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, त्यात तिची पिसं गळायची वेळ. फार्मवाले पहाटे-संध्याकाळी बल्ब लावतात, आम्ही लावत नाही, तिला आराम पाहिजे असं आमच्या घरच्यांचं मत आहे अन् विजेचं बिल पाहता माझंही. उरलेल्या महिन्यांत खुडूक होतात, २१ दिवस अंड्यांवर बसतात, मग पिल्लांमागे दोन महिने. वेटिंग लिस्ट असते ती यामुळे.

अंडी धुवून द्या ना, घाण लागलेली असते.

धुतली की वरचा नैसर्गिक लेप जातो अन् बारीक छिद्रांतून जंतू आत शिरायला मोकळे. आम्ही कोरड्या कापडाने पुसून देतो, तुम्ही फोडण्याच्या आधी धुवा. टोकदार बाजू खाली ठेवा. ताजेपणा पाहायचा तर पाण्याच्या भांड्यात सोडा, आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर फेका. बलकावर लाल ठिपका दिसला तर ते पिल्लू नाही, अंडं बनताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी आहे, चमच्याने काढून टाका.

नोकरी सोडून हाच धंदा करावा म्हणतो, सबसिडी मिळते ना?

राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनासाठी ५० टक्के भांडवली अनुदान आहे, २५ लाखांपर्यंत, पण ते १००० मादी पक्ष्यांचा पेरेंट फार्म (उबवायच्या अंड्यांसाठी पाळलेले पक्षी) आणि हॅचरी (अंडी उबवायचं केंद्र) उभारणाऱ्यासाठी आहे, वीस कोंबड्यांसाठी नाही. माझं ऐकाल तर नोकरी सोडू नका, पन्नास पिल्लं घ्या, एक पूर्ण उन्हाळा अन् एक पूर्ण पावसाळा काढा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंश ऊब लागते, दर आठवड्याला तीन-एक अंश कमी करत न्यायची, रात्री दोनला लाइट गेली तर उठून शेगडी कोण पेटवणार ते घरी आधीच ठरवा. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात जाऊन माणसांशी बोला, यूट्यूबवरच्या "महिना लाख रुपये" वाल्यांशी नको.

श्रावणात बंद असता का?

अंडी चालू असतात, फक्त गिऱ्हाईक बंद असतं. आखाडीला ऑर्डर एवढ्या येतात की नाही म्हणावं लागतं, दुसऱ्या दिवसापासून फोन वाजत नाही, अन् पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पुन्हा सकाळी सहापासून रिंग. करीच्या दिवसासाठी कोंबडा पाहिजे असेल तर पोळ्याच्या आठ दिवस आधी सांगा, आदल्या रात्री मेसेज कराल तर अंड्यांवरच भागवावं लागेल. आणि पिशवी घरून आणा, आमच्याकडे ट्रे परत आले नाहीत तर पुढच्या रविवारी अंडी पेपरात गुंडाळून मिळतात.